छायाचित्राची नजर कुठे चुकते?

मुंबई-आग्रा रस्त्याने धुळे सोडून उत्तरेकडे निघाले, की सोनगीर लागते. टेकडीवरचा किल्ला आणि तांब्यापितळेची भांडी, ही या गावाची जुनी ओळख. तिथला एखादा पितळी हंडा छायाचित्रात उतरवायचा म्हटला, तर काय होते पाहा. हंडा लख्ख घासलेला, कॅमेरा नवा. तरी भिंग नुसते पुढेमागे घरघरत राहते आणि चित्र येते ते पुसट. आपण म्हणतो, "कॅमेरा बिघडला!" बहुधा तो बिघडलेला नसतो. त्याला धरायला काही सापडलेले नसते, इतकेच.

हे समजण्यासाठी थोडे मागे जाऊ. मेजर रॉबर्ट गिल १८४४ पासून अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करी. पुढे त्याने ती लेणी कॅमेऱ्यानेही टिपली. १८७९ साली तो वारला. त्याची कबर आपल्या खानदेशातच, भुसावळला आहे. त्या काळी छायाचित्रकार काळ्या फडक्याखाली डोके घाली, दुधी काचेवर उलटी पडलेली प्रतिमा निरखी आणि ती रेखीव होईपर्यंत भिंग हाताने सरकवी. कष्ट होते खरे. पण काय स्पष्ट दिसावे, हे माणूस ठरवीत होता.

भिंगाने आपले आपण जागेवर यावे, ही सोय बाजारात आली १९७७ साली, जपानच्या कोनिका कंपनीच्या कॅमेऱ्यात. पुढच्याच वर्षी पोलरॉइडने वटवाघळासारखा ध्वनी सोडून अंतर मोजणारा कॅमेरा काढला. गंमत अशी, की बंद खिडकीतून चित्र घेऊ गेले, तर ध्वनी काचेवरूनच परते आणि बाहेरचा देखावा पुसट येई! १९८५ साली मिनोल्टाचा ७००० आला आणि भिंगे बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यांतही ही सोय रुळली.

आजचे डिजिटल कॅमेरे मुख्यतः दोन रीती वापरतात. एकीत भिंगाच्या दोन बाजूंनी आलेल्या प्रतिमा जुळतात का, ते पाहतात. दुसरीत भिंग सरकवून उजेड-अंधाराची कड कुठे सर्वांत ठळक होते, ते शोधतात. रीत कोणतीही असो, यंत्राला कड हवी, रेघ हवी. घासलेल्या पितळेवर नुसती चकाकी. शिवाय आरशासारखी दूरची प्रतिबिंबे. बिचारे यंत्र फसणारच!

म्हणून त्याला हंड्याचा काठ दाखवा, नाहीतर मठारलेला भाग दाखवा. हातोडीच्या प्रत्येक ठोक्याला कड असते. बटण अर्धे दाबून तिथे नजर बसवा, बोट न उचलता चौकट जुळवा, मग पुरते दाबा. किल्ल्याचे चित्र घेताना पुढची बाभळीची फांदी स्पष्ट आणि बुरूज पुसट आला, तर नेम धरण्याचा ठिपका बुरुजाच्या कडेवर न्या.

एवढ्यानेही जमले नाही, तर साध्या गोष्टी तपासा. भिंगावर बोटाचा डाग आहे का? भिंगावरची कळ चुकून हाती चालवण्याकडे सरकली आहे का? वस्तूच्या फार जवळ गेलात का? उजेड पुरेसा आहे ना? आणखी एक खूण सांगतो. सगळेच चित्र एका दिशेने फराटल्यासारखे आले, तर हात हलला असे समजा. मागचे किंवा पुढचे काही स्पष्ट आले, तर नजर चुकली.

शेवटी काहीच साधले नाही, तर स्वयंचलित सोय बंद करा, पडद्यावर प्रतिमा मोठी करून पाहा आणि भिंगाचे कडे हाताने फिरवा. गिलच्या काळची हीच रीत. घरोघर स्टील आल्यापासून मठारलेल्या भांड्यांची सद्दी सरली. ती टिपायची, तर नुसता आकार पुरणार नाही. ठोकाठोका दिसला पाहिजे. घडवणाऱ्याच्या हाताची खूण तीच असते, आणि ती कुठे आहे, हे यंत्राला आपणच दाखवावे लागते.