शाहीर विठ्ठल उमप आणि झाडीपट्टीचा प्रश्न

धान कापणीला आले, भाऊबीज झाली की चंद्रपूर-गडचिरोलीच्या झाडीपट्टीत मंडया भरू लागतात, आणि मंडईच्या रात्री गावात नाटक होते. वडसा-देसाईगंजच्या नाटक कंपन्या होळीपर्यंत गावोगाव हिंडतात. रात्री उशिरा उघडलेला पडदा पहाटेपर्यंत पडत नाही. या मंचाचा एक अलिखित नियम आहे : नटाला गाता आले पाहिजे आणि गाणाऱ्याला सोंग वठवता आले पाहिजे. ज्या दंडारीतून आणि खडी गंमतीतून ही रंगभूमी वाढली, तिथे गायक वेगळा आणि नट वेगळा अशी वाटणी नव्हतीच. पुरुषच लुगडे नेसून बाईचे सोंग घेई आणि तोच गाई. गुरनोलीच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा पाच हजारांवर प्रयोग आणि आठशे भूमिका अशी त्यांच्या कामाची नोंद झाली. एवढे काम करणारा नट याच मातीत तयार होतो, हे शहरातल्या नाट्यसमीक्षेला फार उशिरा कळले.

मंडयांच्या थोडे आधी, १५ आणि १६ ऑक्टोबरला, चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर माणसांचा सागर लोटतो. नागपूरनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, बाबासाहेबांनी इथे धम्मदीक्षा दिली. त्या सोहळ्यामागे बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांची खटपट होती. दीक्षाभूमीवर भीमगीत ऐकणारा माणूस पुढे मंडईच्या नाटकालाही बसतो. पण आपली चळवळ पहिल्या रात्रीला प्रबोधन म्हणते आणि दुसरीला करमणूक म्हणून सोडून देते. ही फाळणी बरोबर आहे काय? या प्रश्नाचे उत्तर एका माणसाने लेख लिहून नव्हे, तर आयुष्यभर गाऊन आणि सोंगे घेऊन दिले. तो माणूस झाडीपट्टीतला नव्हता, मुंबईचा होता. पण त्याचा प्रश्न आपलाच आहे. ते म्हणजे शाहीर विठ्ठल उमप.

उमपांचा जन्म १५ जुलै १९३१ चा, मुंबईतल्या नायगावचा. गिरण्या आणि चाळींचा हा भाग. कोकणचा, देशावरचा, घाटावरचा माणूस पोटासाठी इथे आला तो आपापली गाणी घेऊनच. उमपांच्या गळ्यात ही सगळी गाणी एकत्र आली. पोवाडा, लावणी, भारूड, गोंधळ, कोळीगीत, कव्वाली आणि भीमगीत यांतला कोणताही प्रकार त्यांना परका राहिला नाही. आकाशवाणी आणि ध्वनिमुद्रिका यांमुळे हा आवाज घराघरांत गेला. पण निव्वळ गायक म्हणून त्यांचे मोजमाप करणे चूक ठरेल. ‘खंडोबाचं लगीन’, ‘जांभूळ आख्यान’ या प्रयोगांनी त्यांच्यातला नट उभा केला. उतारवयात, २००८ च्या ‘टिंग्या’ चित्रपटातही तो नट दिसला.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आपल्याकडे लोककला ही जातीला बांधलेली होती. डफ कोणी वाजवायचा, हलगी कोणी कडाडवायची, देवीपुढे कोणी नाचायचे, हे जन्माने ठरलेले असे. कला होती, पण तिला मान नव्हता. मोबदला मिळे तो हक्क म्हणून नव्हे, तर ओंजळीत टाकलेल्या धान्यासारखा. म्हणून १९५६ नंतर ज्या घरातल्या बापाने डफ वाजवला, त्या घरातल्या मुलाने डफ नको म्हटले, यात नवल नाही. तो नकार कलेला नव्हता, वेठीला होता. माणूसपणाच्या लढाईत असा नकार आवश्यकच असतो.

परंतु वेठ फेकताना हातातले वाद्यही फेकायचे काय? या प्रश्नाला आंबेडकरी जलशांनी १९३० च्या दशकातच एक उत्तर दिले होते. सत्यशोधकांनी आधी मळलेल्या वाटेने जात भीमराव कर्डक आणि त्यांच्या सोबत्यांनी तमाशाचा साचा उचलला आणि त्यातला आशय पालटला. ढोलकी तीच, पण गण-गौळणीच्या जागी समतेचा विचार आला. वामनदादा कर्डकांनी पुढे हाच विचार गाण्यातून खेडोपाडी नेला.

उमपांनी एक पाऊल वेगळे टाकले. नव्या आशयाची गाणी त्यांनी गायिलीच. पण जुन्या कथेलाही ते सामोरे गेले. ‘जांभूळ आख्यान’ ही गोंधळ्यांच्या परंपरेतली कथा. द्रौपदीच्या मनात कर्णाविषयी ओढ उपजते आणि ती कबूल करण्याची वेळ तिच्यावर येते, असा तिचा गाभा. हा कर्ण कोण? सूतपुत्र. ज्याचे कूळ विचारून ज्याला हिणवले गेले तो. पोथीतल्या व्यासंगी महाभारताने झाकून ठेवलेली गोष्ट लोकांच्या महाभारताने उघड्यावर मांडली. आणि उमप स्वतः द्रौपदी झाले. पुरुषाने घेतलेले बाईचे सोंग म्हणजे टिंगल, असे ज्यांना वाटत होते त्यांना या द्रौपदीने गप्प केले. बाईच्या मनातली गोष्ट त्या सोंगातून हसू न होता बाहेर आली. आपल्या दंडारीत बाईचे काम करणाऱ्याला गावाने रात्री टाळ्या दिल्या आणि दिवसा टोमणे. त्याच कलेची खरी उंची उमपांनी मोठ्या नाट्यगृहात दाखवून दिली.

इथे कोणी म्हणेल, गोंधळ म्हणजे देवीचा विधी. बुद्धाच्या वाटेने गेलेल्याने तो का मांडावा? शंका प्रामाणिक आहे, ती झटकून टाकू नये. विधी आणि कला यांत फरक करणारी खूण एकच : विधीत कलावंताला नाही म्हणता येत नाही. नवसाच्या दारात उभा राहणारा गोंधळी बांधलेला असतो. उमपांचा गोंधळ तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांपुढे, कलावंताच्या मर्जीने, त्याने निवडलेल्या कथेसह उभा राहिला. तो देवीच्या अंगणातून माणसांच्या सभेत आला. याला मी शरणागती म्हणत नाही; हा ताबा आहे. ज्या कलेने आपल्याला राबवले, तिचे मालक होणे हीदेखील मुक्तीच आहे.

प्रस्थापितांनी मात्र उमपांची वाटणी केली. त्यांच्या सत्कारसभांना ‘लोककलावंत’ उमप हवे होते, भीमगीते गाणारे उमप नकोत. आपणही कधी कधी उलटी वाटणी करतो : आपल्याला फक्त भीमगीते हवी असतात. हा माणूस दोन्ही वाटण्यांत मावला नाही. २६ नोव्हेंबर २०१० रोजी, ज्या तारखेला १९४९ साली संविधान स्वीकारले गेले त्याच तारखेला, नागपूरच्या दीक्षाभूमीवरील एका समारंभात मंचावरच ते कोसळले आणि गेले. आयुष्यभर अंबाबाईपासून भीमरायापर्यंत सर्वांना आवाज देणारा हा शाहीर शेवटी कोणाच्या अंगणात उभा होता, हे वेगळे सांगायला नको.

झाडीपट्टीतल्या कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी यातून काय घ्यावे? उमपांचा आवाज ध्वनिमुद्रिकांत राहिला, त्यांचा चेहरा चित्रपटात राहिला. दंडारीत आणि खडी गंमतीत उभे राहिलेल्या आपल्या म्हाताऱ्यांचे काय राहणार? डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या अभ्यासकांनी झाडीबोलीवर आणि इथल्या लोकरंगभूमीवर काम केले, ते मोलाचे आहे. पण कोणत्या मोहल्ल्यातला कोण गात असे, त्याला काय मिळे, दीक्षेनंतर त्याने वाद्य खाली ठेवले की नवी गाणी रचली, हा इतिहास त्या मोहल्ल्यातल्या पोरांनीच विचारून लिहिला पाहिजे. म्हातारा सांगेल तसे, त्याच्याच बोलीत. डफ खाली ठेवणाऱ्याचा अभिमान आणि डफ पुन्हा उचलणाऱ्याचा अभिमान, दोन्ही त्या वहीत शेजारी शेजारी बसले पाहिजेत. पुढच्या मंडईची वाट पाहण्याचेही कारण नाही. तो म्हातारा आज आपल्याच ओसरीवर बसला आहे.