बायबलच्या कमाईवर वाढलेले विद्यापीठ प्रकाशन

ऑक्सफर्डमध्ये छापलेल्या पहिल्या पुस्तकावर १४६८ हे साल आहे. खिळे जुळवताना रोमन अंकांतला दहाचा एक अंक गळला. खरे साल १४७८. मात्र तेव्हाचे मुद्रक आपल्या हिमतीवर धंदा करत. १५८६ च्या राजाज्ञेने विद्यापीठाला छपाईची रीतसर परवानगी मिळाली आणि आर्चबिशप लॉड यांनी १६३६ मध्ये मिळवलेल्या सनदेने सर्व प्रकारची पुस्तके छापण्याचा हक्क दिला. त्यात बायबलही आले. पण लंडनच्या पुस्तकव्यावसायिकांच्या संघाने वर्षाला २०० पौंड मोजून विद्यापीठाला तो हक्क वापरू दिला नाही.

हे चित्र जॉन फेल यांनी पालटले. १६७२ मध्ये त्यांनी व त्यांच्या भागीदारांनी छपाईचा हक्क भाड्याने घेतला. फेल यांनी हॉलंडहून खिळ्यांचे साचे आणवले, कोणते विद्वत्ग्रंथ काढायचे याची यादी आखली आणि १६८६ मध्ये मरताना ते खिळे विद्यापीठाला देऊन टाकले. विद्यापीठाच्या या प्रकाशन संस्थेचा खरा संस्थापक म्हणायचे तर फेल यांनाच म्हणावे लागेल.

विद्वत्ग्रंथांना गिऱ्हाईक थोडे आणि खर्च मोठा. तो पुढे बायबल आणि प्रार्थनापुस्तकांच्या विक्रीतून भागला. १८३० मध्ये वॉल्टन स्ट्रीटवर नवी वास्तू उभी राहिली, तीतही बायबलचा आणि विद्वत्ग्रंथांचा असे दोन वेगळे विभाग होते.

बायबलच्या विक्रीची ही पुंजी नसती तर ऑक्सफर्डचा इंग्रजी शब्दकोश अर्ध्यावरच राहिला असता. १८७९ च्या करारात दहा वर्षांत चार खंड ठरले होते. पाच वर्षांनी पहिला भाग निघाला, तो 'ए' अक्षरही पुरते न संपवणारा! संपादक जेम्स मरे १९१५ मध्ये वारले आणि काम पुरे व्हायला १९२८ उजाडले. नफ्याची घाई असलेल्या प्रकाशकाने एवढी वाट पाहिली नसती.

याच काळात मॅक्स म्युलर यांच्या संपादनाखाली पौर्वात्य धर्मग्रंथांची पन्नास खंडांची माला निघाली. तिच्या आठव्या खंडातला भगवद्गीतेचा इंग्रजी अनुवाद मुंबईच्या काशिनाथ त्र्यंबक तेलंगांचा. तो १८८२ मध्ये आला. १९१२ मध्ये संस्थेने मुंबईतच शाखा उघडली. पुढे सलीम अली आणि डिलन रिप्ले यांचा भारतीय उपखंडातील पक्ष्यांवरचा दहा खंडांचा ग्रंथही याच संस्थेने काढला.

१९८९ मध्ये शब्दकोशाची वीस खंडांची दुसरी आवृत्ती आली. त्याच वर्षी ऑक्सफर्डमधला छपाई विभाग बंद झाला; प्रकाशनाचे काम चालू राहिले.