मुळशीचे पाणी, मुंबईची वीज

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या कापडगिरण्या वाफेवर चालत. त्यांच्या बॉयलरला लागणारा कोळसा बाहेरून आणावा लागे आणि गिरणगावावर सतत धूर असे. शहराच्या पाठीशी मात्र सह्याद्री उभा होता. लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर चार महिन्यांत चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तो साठवून घाटाखाली सोडला तर वीज करता येईल, ही कल्पना डेव्हिड गोस्टलिंग यांनी जमशेटजी टाटांपुढे मांडली. जमशेटजी १९०४ मध्ये वारले. काम त्यांचे पुत्र दोराबजी यांनी पुढे नेले. १९१० मध्ये कंपनी स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी वळवणच्या धरणाची पायाभरणी झाली.

योजना धाडसाची होती. लोणावळा, वळवण आणि शिरवटा या तलावांत पावसाळ्याचे पाणी अडवायचे, कालव्याने घाटाच्या कडेपर्यंत न्यायचे आणि पोलादी नळांतून पाचशे मीटरहून अधिक खाली खोपोलीला सोडायचे. एवढ्या उंचीवरून आलेली धार पेल्टन चाकाच्या वाट्यांवर आदळते आणि चाकाबरोबर जनित्र फिरू लागते. काम झालेले पाणी पाताळगंगेत जाते. एरवी हेच पाणी इंद्रायणीतून भीमेकडे, म्हणजे पूर्वेला वाहत गेले असते. फेब्रुवारी १९१५ मध्ये खोपोलीचे केंद्र सुरू झाले. वीज परळला पोहोचली आणि एकेक गिरणी वाफेचे इंजिन सोडून विजेवर येऊ लागली. १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा ही केंद्रे जोडीला आली.

धुराविना मिळालेल्या या विजेची किंमत मात्र मुंबईने मोजली नाही. भिऱ्यासाठी मुळा आणि निळा नद्यांच्या संगमाजवळ, मुळशीला धरण बांधायचे ठरले. मुळशी पेट्यातली पन्नासच्या आसपास गावे त्यात जाणार होती. हा भाताचा मुलूख, आंबेमोहोराच्या खाचरांचा. शेतकऱ्यांना विचारल्याशिवायच त्यांच्या जमिनीत चाचणीचे चर खणले गेले आणि असंतोषाला तोंड फुटले. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, शेकडो मावळे बायकापोरांसह धरणाच्या जागी जाऊन बसले आणि काम थांबले. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा होती. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट हे या सत्याग्रहाचे प्रमुख नेते होते. बापटांना ‘सेनापती’ ही उपाधी मिळाली ती इथेच.

काही महिन्यांच्या विरामानंतर कंपनीने पुन्हा काम सुरू केले. भूसंपादनाचा कायदा सरकारच्या हाती होता, आणि मोबदल्याची रक्कम देऊन जमीन ताब्यात घेता येत होती. त्यातही एक मेख होती. पेट्यातली बरीच जमीन पुण्याच्या सावकारांच्या नावावर गेलेली होती, त्यामुळे मोबदला त्यांच्या पदरात पडला आणि जमीन कसणाऱ्या कुळाला नवे घर किंवा नवे शेत देण्याची जबाबदारी कोणीच घेतली नाही. सावकारांपैकी अनेकांनी मोबदला स्वीकारल्यावर चळवळीचे बळ खचत गेले. सत्याग्रहींना वारंवार तुरुंगात टाकण्यात आले. डिसेंबर १९२४ मध्ये बापटांनी धरणाच्या कामावरची रेल्वेगाडी अडवली. त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली आणि लढा संपला. अभ्यासक मुळशीचा हा सत्याग्रह जगातल्या पहिल्या धरणविरोधी आंदोलनांत धरतात. विस्थापितांचे पुनर्वसन हा कायदेशीर हक्क ठरायला मात्र महाराष्ट्रातही पुढे कित्येक दशके लागली, आणि हा उशीर अक्षम्यच म्हटला पाहिजे.

ही केंद्रे आजही चालू आहेत. तिन्ही मिळून क्षमता सुमारे ४४७ मेगावॉट आहे. त्यात भिऱ्याच्या १५० मेगावॉटच्या उदंचन संचाचाही समावेश आहे. मागणी कमी असताना हा संच खालचे पाणी पुन्हा वर चढवतो आणि मागणी वाढली की तेच पाणी सोडून वीज करतो. सूर्य आणि वारा यांची वीज हवी तेव्हा मिळत नसल्याने अशा साठवणुकीचे मोल वाढले आहे. दुसरीकडे, पश्चिमेला वळवलेले हे पाणी भीमा खोऱ्यातल्या दुष्काळी तालुक्यांना मिळावे, ही मागणीही जोर धरून आहे.