पोटाची खिडकी

पोटासाठी माणूस काय काय करतो, हे आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांना निराळे सांगायला नको. पण आपले पोटच वर्षाच्या कराराने प्रयोगासाठी देणारा मजूर विरळाच. अलेक्सिस सेंट मार्टिन हा तो मजूर. आजच्या एका उपकारक शस्त्रक्रियेची कथा त्याच्यापासून सुरू करणे आम्हांला न्याय्य वाटते.

सेंट मार्टिन कॅनडाचा. कातड्यांच्या व्यापारात होड्या वल्हवणारा. ६ जून १८२२ रोजी अमेरिकेतील मॅकिनॅक बेटावर चुकून सुटलेल्या बंदुकीने त्याची डावी कूस फुटली. विल्यम बोमाँट या लष्करी डॉक्टरांनी त्याला जगवले, पण जठराचे भोक बुजले नाही. त्या भोकातून दोऱ्याला बांधलेले अन्न आत सोडून बोमाँटनी पचनाचे प्रयोग केले आणि १८३३ साली ग्रंथ लिहिला. १८३२ च्या करारात सेंट मार्टिनला अन्न, वस्त्र, निवारा आणि वर्षाला १५० डॉलर कबूल झाले. त्याला लिहिता येत नव्हते. त्याने सहीऐवजी फुली केली. १८८० साली तो वारला, तेव्हा डॉक्टरांच्या हाती देह लागू नये म्हणून घरच्यांनी तो सडेपर्यंत ठेवला व मग खोल पुरला. नकार देण्याचा तेवढाच मार्ग त्यांना उरला होता!

परंतु जठराला भोक असूनही माणूस जगतो, राबतो, संसार करतो, हे या मजुराने जगाला दाखवले. मग ज्यांच्या घशाखाली घास उतरत नाही, त्यांच्यासाठी असे भोक मुद्दाम का पाडू नये? स्ट्रासबर्गच्या सेदियो यांनी १८४९ साली तसा प्रयत्न केला, रोगी दगावला. १८७६ साली पॅरिसला व्हेर्नेय यांचा रोगी वाचला. तरीही पुढची शंभर वर्षे त्यासाठी पोट चिरावे लागे आणि बहुधा पूर्ण भूल द्यावी लागे. उपासमारीने खंगलेल्यालाच या शस्त्रक्रियेची गरज, आणि तिचा भार सोसण्याची ताकद त्यालाच नाही, असा पेच होता.

तो सुटला काचेच्या तंतूंमुळे. पंजाबात मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी आणि हॉपकिन्स यांनी १९५४ साली लंडनमध्ये तंतूंच्या जुडीतून चित्र पलीकडे नेले. १९५७ साली मिशिगनमध्ये हर्शोविट्झ यांनी अशा तंतूंची लवचीक दुर्बीण आधी स्वतः गिळली, मग रोग्याला दिली.

१२ जून १९७९ रोजी क्लीव्हलंडमध्ये गॉडरर आणि पॉन्स्की यांनी दुर्बिणीच्या साहाय्याने एका तान्ह्या मुलाच्या जठरात नळी बसवली. पोट चिरले नाही. रीत साधी आहे. मोठ्या माणसाला बहुधा शिरेतून औषध देऊन केवळ गुंगी आणतात. दुर्बीण जठरात उतरवून हवा भरतात. जठर पोटाच्या भिंतीला टेकते आणि आतला दिवा कातडीतून लुकलुकतो. तेवढीच जागा बधिर करून सुई टोचतात, दोरा आत सोडतात आणि दुर्बिणीने पकडून तोंडावाटे बाहेर काढतात. त्याच दोऱ्याला नळी बांधून ती तोंडातून जठरात आणि तेथून पोटाबाहेर ओढून घेतात. काही तासांनी नळीतून पातळ अन्न देता येते.

आपल्याकडे तंबाखूने तोंडाचा कर्करोग झालेल्या कित्येकांना या नळीचा आधार मिळतो. मात्र ती सर्वांसाठी नव्हे. स्मृतिभ्रंशाच्या अखेरच्या अवस्थेत तिने आयुष्य वाढत नाही, असा वैद्यकाचा अनुभव आहे. म्हणून नळी कशासाठी, किती दिवस आणि तिच्यावाचून काय होईल, हे रोग्याने व घरच्यांनी गुंगी देण्यापूर्वीच विचारावे. सेंट मार्टिनच्या फुलीपासून आपण एवढे तरी पुढे आलो पाहिजे. डॉक्टरांच्या कागदावर सही करण्याआधी तो समजून घेणे, हाही रोग्याचा हक्कच आहे.