पाळणाघराचे तास आणि न मांडलेला हिशेब



कुर्डुवाडीत येऊन वेळ या विषयावर बोलायचे म्हणजे धाडसच. हे गाव गाडीच्या वेळापत्रकावर वाढले. १८९७ साली बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी इथून बार्शीकडे निघाली. पुढे पंढरपूर, लातूर, मिरज जोडले गेले. इथल्या कित्येक घरांनी दिवस मोजला तो पाळीने. बाप कामावर किती वाजता गेला, किती वाजता सुटला, याची नोंद कुठल्या तरी हजेरीपटावर झाली. त्याच घरातल्या आईच्या दिवसाची नोंद मात्र कुठे सापडत नाही. आज आम्ही बोलणार आहोत ते या न नोंदलेल्या दिवसाबद्दल. लहान मूल सांभाळायचे तास कोणी द्यायचे, आणि सरकारने ते कधी दिले, असा आपला प्रश्न आहे.

सुरुवात सोलापूर-मुंबईच्या गिरण्यांपासून करू. भोंगा झाला की बाई खात्यावर हजर पाहिजे. मग तान्ह्या मुलाचे काय? उत्तर फार भयंकर होते. मूल दिवसभर झोपून राहावे म्हणून त्याला अफूची गोळी देत. मुंबईत तिला ‘बाळगोळी’ म्हणत. १९३१ साली अहवाल देणाऱ्या शाही मजूर आयोगानेही या प्रथेची दखल घेतली. त्या आयांना दोष देणे सोपे आहे. पण बघा, त्या बाईपुढे पर्याय कोणते होते? पाळणाघर नव्हते, म्हणून अफू होती.

याच काळात, १९२८ साली, मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभाचे विधेयक आले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा मंडळाचे सदस्य होते. त्यांनी विधेयकाला पाठिंबा दिला, आणि एक मुद्दा असा मांडला की आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा भार मोठ्या प्रमाणात सरकारने उचलला पाहिजे. १९२९ साली कायदा झाला, पण भार पडला मालकावर.

पुढचे कायदेही त्याच वाटेने गेले. १९४८ च्या कारखाने कायद्याने पन्नासपेक्षा जास्त स्त्रिया असतील तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघर सक्तीचे केले. १९७६ च्या दुरुस्तीने ती संख्या तीसवर आणली. हेतू चांगलाच होता. पण हिशेबी मालक काय म्हणेल? तीसच्या वर बायका ठेवायच्याच कशाला! सोय बाईच्या डोक्यावर मोजली की बाईच महाग दिसू लागते. २०१७ च्या प्रसूती लाभ दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचारी, स्त्री असो वा पुरुष, असे माप धरले. म्हणजे मूल हे फक्त आईचे नसते, हे कायद्याला समजायला जवळजवळ सत्तर वर्षे लागली.

आता गिरणीतून बाहेर पडून आपल्या माळावर येऊ. १९७२ चा दुष्काळ आमच्या पिढीने डोळ्यांनी पाहिला. खडी फोडणाऱ्या बायका, आणि लिंबाच्या फांदीला लुगड्याची झोळी. त्या दुष्काळाच्या अनुभवातून महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा घडला. तो १९७७ साली संमत झाला. कामाच्या जागी पाळणाघराची सोय या योजनेत धरलेली होती. पुढे २००५ च्या केंद्रीय कायद्याने नेमके सांगितले, की कामावरच्या बायकांबरोबर सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुले असतील, तर त्यांच्यातल्याच एका बाईला मुले सांभाळायला नेमायचे आणि तिला मजुरी द्यायची. आमच्या मते हे वाक्य फार महत्त्वाचे आहे. मूल सांभाळणे हे खडी फोडण्याइतकेच काम आहे, असे सरकारने इथे लिहून दिले.

पण हे सगळे मिळते कुणाला? जिचे नाव मस्टरवर आहे तिला. गिरणीत भोंग्याला बाई हवी होती, दुष्काळात रस्त्याला हवी होती. इंग्लंडमध्येही दुसऱ्या महायुद्धात कारखान्यांना बायका हव्या होत्या तेव्हा सरकारी पाळणाघरे निघाली, आणि युद्ध संपल्यावर त्यातली बरीचशी बंद झाली. तासांची सोय आईच्या श्रमाची गरज पाहून येते आणि गरज सरली की जाते, असेच आपल्याला दिसते.

याहून वेगळा विचार आपल्याच महाराष्ट्रात झाला होता. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. वस्तीतली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. ती अंगणवाडी. पुढे कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई आणि अनुताई वाघ यांना आणखी एक गोष्ट दिसली. मुलगी शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर भाऊ आहे. मग त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली. नाव दिले विकासवाडी. भाऊ पाळण्यात, मधली बहीण बालवाडीत, थोरली वर्गात. आईच्या वेळेचा प्रश्न थोरल्या मुलीच्या शिक्षणाला येऊन भिडतो, हे या दोघींनी कृतीतून दाखवले.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशात ३३ प्रकल्पांत सुरू झाली. तिने ‘अंगणवाडी’ हे नाव घेतले. आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, पूर्वप्राथमिक शिक्षण अशा सेवा दिल्या. ही योजना फार मोठी आहे, तिने असंख्य मुले जगवली, त्याबद्दल दुमत नसावे. पण विकासवाडीतला पाळणा मात्र मागेच राहिला. तीन वर्षांवरचे मूल अंगणवाडीत काही तास बसते. तीन वर्षांखालच्या मुलासाठी मिळते ते आहाराचे पाकीट. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने सहा महिन्यांच्या पुढच्या बाळाला रोज ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने ठरवून दिली. ग्रॅमपर्यंत हिशेब आहे. पण ते पाकीट फोडून, शिजवून, भरवायला घरी कोण आहे, याचा हिशेब नाही.

इंग्लंडमध्ये आज अनुदानाचे मापच तास आहे. २०१७ पासून तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी, आणि सप्टेंबर २०२५ पासून नऊ महिन्यांच्या बाळापासून, पात्र नोकरदार आईबापांना वर्षातले ३८ आठवडे आठवड्याला ३० तास सरकारी खर्चाने मिळतात. आपल्याकडे तास मोजणारी योजना अगदीच नाही असे नव्हे. राष्ट्रीय पाळणाघर योजनेत महिन्याचे २६ दिवस, रोज साडेसात तास, असे लिहिलेले आहे. २०२२ पासून ती ‘पाळणा’ नावाने मिशन शक्तीत आली, आणि अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची तरतूद झाली. म्हणजे विकासवाडीचा विचार कित्येक दशकांनी सरकारी कागदावर आला.

आता कुणी म्हणेल, घरात आजी असते की! असते ना, आणि तिचे ऋण मोठे आहे. पण तिच्या श्रमाचीही नोंद नाही, आणि शिवाय ती सगळीकडे नसते. उजनीच्या पाण्याने माढा तालुक्यात ऊस आला. तो तोडायला बीडकडून टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. उचल कोयत्याला मिळते, बाई वेगळी मोजलीच जात नाही. आजी गावी राहते. मुलाचे नाव तिकडच्या अंगणवाडीत आणि मूल इकडे उसाच्या फडात. पहाटेच्या अंधारात तोड सुरू होते, तेव्हा झोपलेल्या बाळाजवळ बहुतेक वेळा सात-आठ वर्षांची बहीण असते. कोसबाडला दिसलेली तीच मुलगी.

आणि जी बाई सरकारच्या वतीने हे तास देते तिचे काय? अंगणवाडी सेविकेला पगार नाही, ‘मानधन’ असते. तिला ग्रॅच्युइटी लागू आहे हे ठरायला सर्वोच्च न्यायालयाचा एप्रिल २०२२ चा निकाल यावा लागला. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यातल्या सेविकांना संपावर जावे लागले. सांभाळणे म्हणजे सेवा, सेवेला काय मोजायचे, ही आपली जुनी समजूत शब्दातच लपलेली आहे.

आम्ही तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवले, म्हणून एक भेद सांगतो. माया मोजता येत नाही, हे खरे. वेळ मोजता येतो. माया मोजत नाही म्हणून वेळही मोजायचा नाही, असे म्हटले की तो वेळ फुकट होत नाही. त्याची किंमत कुणी तरी देतेच. कधी आई नोकरी सोडून देते, कधी आजी आपले दुखणे अंगावर काढून देते, कधी थोरली मुलगी शाळा सोडून देते. मूळ राज्यघटनेच्या कलम ४५ मध्ये चौदा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांचा उल्लेख होता. २००२ च्या ८६ व्या दुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा मूलभूत हक्क मिळाला. सहाच्या आतल्यांसाठी मात्र राज्याने ‘प्रयत्न’ करावा, एवढेच राहिले. ज्या सहा वर्षांत मूल स्वतः घास घेऊ शकत नाही, नेमकी तीच हक्काच्या बाहेर.

शेवटी एकच विनंती. आपल्या वॉर्डातली अंगणवाडी किती वाजता उघडते आणि किती वाजता सुटते, हे उद्या पाहून या. मग आपल्या शेजारची खुरपणीला, धुण्याभांड्याला किंवा दुकानात कामाला जाणारी बाई किती वाजता निघते आणि परतते, हे तिला विचारा. दोन्ही वेळा एका कागदावर शेजारी-शेजारी लिहा. मधे जे तास उरतात, ते कोण भरून काढते तेही लिहा. तो कागद घेऊन नगरपरिषदेत किंवा ग्रामसभेत जा. गाडी दहा मिनिटे उशिरा आली तर स्टेशनमास्तरला जाब विचारणारे हे गाव आहे. हा उशीर तर पंचाहत्तर वर्षांचा आहे.