माकडतापाचे निदान होते कसे? रेणवीय चाचणीची तोंडओळख

मालवण (प्रतिनिधी) - सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर थंडीचे दिवस म्हणजे पर्यटकांची वर्दळ आणि रापणीची लगबग. याच दिवसांत जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, सह्याद्रीच्या पायथ्याशी, काजूच्या बागांची साफसफाई सुरू होते, भाजावळीसाठी पालापाचोळा गोळा केला जातो आणि जळणासाठी माणसे रानात शिरतात. दोडामार्ग तालुक्यातील केर परिसरात 2016 च्या प्रारंभी याच काळात तापाचे रुग्ण आढळू लागले. जंगलात माकडे मरून पडत होती. रुग्णांच्या रक्ताचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत तपासले गेले आणि निदान झाले ते क्यासनूर वनज्वराचे, म्हणजेच माकडतापाचे. महाराष्ट्रात या रोगाची झालेली ही पहिली नोंद. पुढच्याच वर्षी सावंतवाडी तालुक्यातील बांदा परिसरातही रुग्ण आढळले.

त्या काळात गावागावांत एकच प्रश्न विचारला जात असे, ''पुण्याचा रिपोर्ट आला का?'' हा अहवाल कसा तयार होतो, रक्ताच्या काही थेंबांतून डोळ्यांना न दिसणाऱ्या विषाणूचे नाव कसे कळते आणि अहवाल 'निगेटिव्ह' आला तरी डॉक्टर पुन्हा रक्त का मागतात, हे समजून घ्यायचे तर रेणवीय जीवशास्त्राच्या काही मूलभूत कल्पनांची ओळख करून घ्यावी लागते. 2020 च्या करोना साथीनंतर 'आरटीपीसीआर' हा शब्द घरोघरी पोचला. मात्र त्यामागील विज्ञान फारसे पोचले नाही.

चार अक्षरांची लिपी

प्रत्येक सजीवाच्या पेशीत त्याच्या घडणीची माहिती साठवलेली असते. ही माहिती ज्या रेणूत असते तो डीएनए. त्याची दुपेडी, गोल जिन्यासारखी रचना जेम्स वॉटसन आणि फ्रान्सिस क्रिक यांनी 1953 मध्ये मांडली. रोझलिंड फ्रँकलिन यांच्या क्ष-किरण छायाचित्रांचा त्या शोधात मोठा वाटा होता. डीएनएची लिपी केवळ चार अक्षरांची आहे : अ‍ॅडेनिन, थायमिन, ग्वानिन आणि सायटोसिन. या अक्षरांच्या जोड्या ठरलेल्या असतात. अ‍ॅडेनिनसमोर थायमिन आणि ग्वानिनसमोर सायटोसिनच येते. त्यामुळे एक पेड हाती असला, की दुसरा कसा असेल हे सांगता येते. प्रयोगशाळेतील बहुतेक सर्व तंत्रे या एकाच नियमावर उभी आहेत.

डीएनएच्या ज्या भागात एखादे प्रथिन बनविण्याची सूचना असते, त्याला जनुक म्हणतात. मानवी पेशीतील 46 गुणसूत्रांवर सुमारे 20 हजार अशी जनुके आहेत. जनुकातील सूचनेची प्रत आरएनए या एकपेडी रेणूच्या रूपात निघते आणि त्या प्रतीवरून प्रथिन तयार होते. आरएनएमध्ये थायमिनच्या जागी युरासिल असते. तीन-तीन अक्षरांचा गट एका अमिनो आम्लाचा संकेत असतो. हा संकेत उलगडण्याच्या कार्यात भारतात जन्मलेले हरगोविंद खुराना यांचा मोलाचा वाटा होता. त्यासाठी 1968 चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मार्शल निरेनबर्ग आणि रॉबर्ट हॉली यांच्यासमवेत मिळाले.

माकडतापाचा विषाणू

विषाणू ही स्वतंत्र पेशी नव्हे. प्रथिनांच्या वेष्टनात गुंडाळलेली ती जनुकीय माहिती असते. पेशीत शिरल्यावर तिच्याच यंत्रणेकडून विषाणू स्वतःच्या प्रती काढून घेतो. माकडतापाचा विषाणू डेंगीच्या विषाणूच्याच कुळातला, फ्लॅव्हिव्हायरस गटातला आहे. त्याच्याकडे डीएनए नाही. सुमारे 10 हजार 800 अक्षरांचा आरएनएचा एक धागा, हीच त्याची सारी शिदोरी. त्यावरून दहा प्रथिने तयार होतात. त्यांपैकी तीन विषाणूच्या बांधणीसाठी आणि सात त्याच्या कामकाजासाठी असतात.

कर्नाटकातील तत्कालीन शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूर जंगलात 1957 मध्ये माकडे मोठ्या संख्येने मरू लागली आणि आसपासच्या गावांत तापाची साथ आली. त्यावेळी पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी हा विषाणू शोधून काढला. 1952 मध्ये स्थापन झालेले हे केंद्र म्हणजेच आजची राष्ट्रीय विषाणू संस्था. अनेक दशके हा रोग कर्नाटकापुरता मर्यादित मानला जात असे. 2012 नंतर मात्र तमिळनाडू, केरळ, 2015 मध्ये गोव्यातील सत्तरी तालुका आणि 2016 मध्ये सिंधुदुर्ग, असा पश्चिम घाटाच्या कडेने त्याचा आढळ दिसू लागला.

विषाणू माणसापर्यंत येतो तो गोचिडांच्या चाव्यातून. माकड मेले, की त्याच्या अंगावरील गोचिडे खाली पाचोळ्यात उतरतात आणि तो परिसर धोक्याचा बनतो. गोचिडाची लहान, अपरिपक्व अवस्था माणसाला चावते. ती इतकी बारीक असते, की चावल्याचे पुष्कळदा कळतही नाही. हा रोग एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही. चाव्यानंतर साधारण तीन ते आठ दिवसांत एकाएकी ताप, तीव्र डोकेदुखी, अंगदुखी आणि अशक्तपणा जाणवतो. काहींना रक्तस्राव होतो. काही रुग्णांत ताप उतरून एक-दोन आठवड्यांनी पुन्हा उलटतो आणि मेंदूवर परिणाम करतो. शंभर रुग्णांत तीन ते पाच दगावतात, असे मानले जाते. विषाणूवर थेट लागू पडणारे औषध नाही. लक्षणांनुसार वेळेवर उपचार हाच आधार आणि त्यासाठी निदान लवकर होणे अगत्याचे.

नमुन्याचा प्रवास

तापाच्या पहिल्या दिवसांत डेंगी, हिवताप, लेप्टो आणि माकडताप यांच्यात केवळ लक्षणांवरून भेद करणे अवघड असते. म्हणून रक्त घेतले जाते. ते गोठू देऊन किंवा फिरवून त्यातील पिवळसर द्रव वेगळा काढतात. आरएनए हा अतिशय नाजूक रेणू आहे. त्याचे तुकडे करणारी विकरे माणसाच्या हातांच्या कातडीवरही असतात. यासाठी नमुना तीन थरांच्या बंदिस्त वेष्टनात, बर्फाच्या थंडाव्यात पाठवावा लागतो. वाटेत थंडावा राहिला नाही, तर नमुन्यात विषाणू असूनही तो सापडत नाही.

प्रयोगशाळेत पहिले काम विषाणू निष्प्रभ करण्याचे. हा धोकादायक विषाणू असल्याने तो हाताळण्यासाठी उच्च जैवसुरक्षा लागते. राष्ट्रीय विषाणू संस्थेत चौथ्या, म्हणजे सर्वोच्च स्तराची जैवसुरक्षा प्रयोगशाळा 2012 मध्ये सुरू झाली. नमुन्यात विशिष्ट रसायन मिसळले, की विषाणूचे वेष्टन फुटते आणि आरएनए मोकळा होतो. मग तो द्रव सिलिकाच्या बारीक पडद्यातून जाऊ देतात. आरएनए पडद्याला चिकटतो, बाकीचा गाळ अल्कोहोलयुक्त द्रावणाने धुऊन निघतो आणि शेवटी शुद्ध पाण्यात आरएनए सोडवून घेतला जातो.

एकाचे कोट्यवधी

हाती आलेला आरएनए इतका अल्प असतो, की तो थेट दिसणे शक्य नसते. त्याच्या प्रती वाढवाव्या लागतात. हे काम करते पीसीआर, म्हणजे पॉलिमरेज शृंखला अभिक्रिया. अमेरिकी शास्त्रज्ञ कॅरी मुलिस यांना 1983 मध्ये ही कल्पना सुचली आणि तिच्यासाठी 1993 मध्ये त्यांना रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

पीसीआर डीएनएवर चालते. विषाणूकडे तर आरएनए आहे. म्हणून आधी आरएनएवरून डीएनएची प्रत काढावी लागते. हे उलट दिशेचे लेखन करणारे विकर हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी 1970 मध्ये स्वतंत्रपणे शोधले. 'आरटीपीसीआर'मधील 'आरटी' म्हणजे हीच उलट लेखनाची पायरी. पावसाळ्यात भातशेतीच्या दिवसांत डोके वर काढणारा लेप्टो हा जिवाणूचा रोग आहे. त्या जिवाणूत डीएनएच असल्याने त्याच्या पीसीआर चाचणीला ही पायरी लागत नाही.

पुढे तीन टप्प्यांचे चक्र सुरू होते. सुमारे 95 अंश सेल्सिअसला डीएनएचे दोन पेड सुटे होतात. तापमान 55 ते 60 अंशांवर आणले, की 'प्रायमर' नावाचे छोटे तुकडे आपल्या जोडीची अक्षरे शोधून पेडाला चिकटतात. मग 72 अंशांच्या आसपास पॉलिमरेज हे विकर प्रायमरपासून पुढे नवा पेड विणते. इतक्या उष्णतेत टिकणारे विकर गरम पाण्याच्या झऱ्यात राहणाऱ्या जिवाणूकडून मिळाले. प्रत्येक चक्रात प्रती दुप्पट होतात. एकापासून आरंभ केला, तर 30 चक्रांनंतर तात्त्विकदृष्ट्या 107 कोटींहून अधिक प्रती तयार होतात.

चाचणी नेमकी ठरते ती प्रायमरमुळे. प्रायमर साधारण वीस अक्षरांचा असतो. चार अक्षरांपासून वीस अक्षरांचे शब्द बनवायचे, तर सुमारे एक लाख दहा हजार कोटी निरनिराळे शब्द होतात. एवढ्यांतला नेमका एक शब्द योगायोगाने दुसरीकडे सापडण्याची शक्यता नगण्य. शिवाय पीसीआरला दोन्ही बाजूंचे दोन प्रायमर लागतात. यामुळेच माकडतापाच्या विषाणूसाठी घडविलेले प्रायमर डेंगीच्या विषाणूला दाद देत नाहीत.

चमक आणि 'सीटी'

पूर्वी पीसीआर संपल्यावर डीएनए जेलमध्ये घालून विजेचा प्रवाह सोडत. ऋणभारित डीएनए धन टोकाकडे सरकतो. लहान तुकडे पुढे जातात, मोठे मागे राहतात आणि अपेक्षित लांबीच्या जागी पट्टा दिसला, की निदान होते. 'रिअल टाइम' पद्धतीत हा खटाटोप वाचतो. प्रत तयार होताना एक रंगद्रव्य चमकते आणि यंत्र ती चमक चक्रागणिक मोजते. चमक ठरावीक रेषा ओलांडते त्या चक्राचा क्रमांक म्हणजे 'सीटी' मूल्य. ते जितके कमी, तितका नमुन्यात विषाणू अधिक. 'सीटी' 20 आणि 30 असलेल्या दोन नमुन्यांत विषाणूच्या आरएनएच्या प्रमाणात सुमारे हजारपटींचा फरक असतो. मात्र हा आकडा नमुना कधी आणि कसा घेतला यावरही अवलंबून असल्याने केवळ त्यावरून रुग्णाची तब्येत ठरवू नये.

प्रत्येक खेपेला रुग्णांच्या नमुन्यांसोबत काही साक्षीदार नमुनेही ठेवतात. विषाणूचा अंश निश्चित असलेला एक नमुना 'पॉझिटिव्ह' यावाच लागतो, नुसत्या पाण्याचा नमुना 'निगेटिव्ह'च यावा लागतो आणि रुग्णाच्या नमुन्यात मानवी जनुक सापडावेच लागते. यांपैकी एक जरी चुकला, तरी चाचणी पुन्हा करावी लागते.

'निगेटिव्ह'चा अर्थ

रक्तातील विषाणू तापाच्या पहिल्या काही दिवसांत भरपूर असतो. पुढे शरीर प्रतिपिंडे तयार करते आणि विषाणू ओसरतो. म्हणून तापाच्या पहिल्या आठवड्यात आरटीपीसीआर उपयोगी, तर त्यानंतर 'आयजीएम' प्रतिपिंडे शोधणारी एलायझा चाचणी भरवशाची. एलायझात ताटलीच्या बारीक खळग्यांत प्रतिपिंडे पकडतात आणि विकराच्या साह्याने रंग उमटवतात. माकडतापासाठी या दोन्ही चाचण्या पुण्याच्या संस्थेने विकसित केल्या. त्याआधी उंदरांच्या पिल्लांना नमुना टोचून विषाणू वाढण्याची वाट पाहावी लागे.

दहाव्या-बाराव्या दिवशी दवाखाना गाठलेल्या रुग्णाचा आरटीपीसीआर 'निगेटिव्ह' आला, तर त्याचा अर्थ 'रोग झाला नाही' असा होत नाही. 'या नमुन्यात या दिवशी विषाणू सापडला नाही' एवढाच होतो. डॉक्टर दुसरा नमुना किंवा दुसरी चाचणी सांगतात ती यासाठी. ताप कोणत्या दिवशी आला, रानात केव्हा गेलो होतो, जवळपास माकड मेले होते का, ही माहिती म्हणूनच नमुन्याइतकीच मोलाची.

विषाणूचा माग

सर्व अक्षरे क्रमाने वाचणे म्हणजे 'सिक्वेन्सिंग'. फ्रेडरिक सँगर यांनी 1977 मध्ये त्याची प्रचलित पद्धत दिली. आता शेकडो नमुने एकाच वेळी वाचणारी यंत्रे आहेत. आरएनए विषाणू प्रती काढताना चुका करतो आणि या चुका पुढच्या पिढ्यांत उतरतात. दोन ठिकाणच्या विषाणूंत सामाईक चुका जितक्या अधिक, तितके त्यांचे नाते जवळचे. पुण्याच्या शास्त्रज्ञांनी 1957 ते 2017 या काळातील माकडतापाच्या विषाणूंचे क्रम अशा रीतीने ताडून पाहिले आणि पश्चिम घाटातील त्याच्या प्रसाराचा माग काढला. तो अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध झाला.

कर्नाटकात अनेक वर्षे दिली जाणारी जुनी लस परिणामकारक नसल्याने 2022 मध्ये थांबविण्यात आली. नव्या लशीसाठी विषाणूची आजची अक्षरे ठाऊक असणे आवश्यक असते. त्यामुळे दोडामार्गच्या रानातून पुण्याला गेलेला प्रत्येक नमुना केवळ एका रुग्णाचा राहत नाही.

वाचकांसाठी

- रानात किंवा काजूबागेत जाताना अंगभर कपडे घालावेत. उघड्या अंगाला आरोग्य खात्याने दिलेले गोचीड प्रतिबंधक तेल लावावे.
- घरी परतल्यावर गरम पाण्याने अंघोळ करावी, कपडे गरम पाण्यात धुवावेत आणि अंगावर गोचीड आहे का ते पाहावे.
- मेलेल्या माकडाला हात लावू नये. ग्रामपंचायत, वनखाते किंवा आरोग्य केंद्राला तत्काळ कळवावे.
- ताप आल्यास पहिल्या दोन-तीन दिवसांतच प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे आणि रानात गेल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.
- ताप उतरल्यानंतर पुन्हा उलटल्यास किंवा तीव्र डोकेदुखी, गोंधळलेपणा जाणवल्यास विलंब न करता रुग्णालयात जावे.

यंत्र कितीही अचूक असले, तरी ते पोचलेलाच नमुना तपासू शकते. तो वेळेत पोचविणे रुग्णाच्या आणि गावाच्या हाती आहे.