लाईन गेली की पहिली लेव्हल

विटा खोदायच्या, सोनं गोळा करायचं, मागे लागलेल्यांना खड्ड्यात पाडायचं. वऱ्हाडात नव्वदीनंतर वाढलेल्या माणसाला एवढं सांगितलं की त्याला गेम लगेच आठवतो. नाव मात्र सांगता येत नाही. मारिओला नाव होतं, कॉन्ट्राला होतं. हा नुसता 'सोनंवाला गेम'. मध्यंतरी तो फोनवर पहिल्या लेव्हलपासून पुन्हा खेळायला घेतला आणि वाटलं, या बिननावाच्या पोराचं कुळ एकदा शोधावंच.

कुळ निघालं अमेरिकेतल्या सिएटलचं. तिथल्या वॉशिंग्टन विद्यापीठात डग स्मिथ आणि जेम्स ब्रात्सानोस हे विद्यार्थी होते. विद्यापीठाच्या मोठ्या संगणकावर चालणारा, चित्रांऐवजी अक्षरांनी मांडलेला 'काँग' नावाचा एक खेळ तिथे होता. आपल्या खेळाचं बीज ते. स्मिथने तो ॲपल टू या घरगुती संगणकावर उतरवला आणि 1982 मध्ये ब्रोडरबंड या कंपनीकडे पाठवला. 'आमच्या मालात बसत नाही' अशा अर्थाचं एका ओळीचं उत्तर आलं. खेळ तेव्हा काळापांढरा होता, जॉयस्टिकवर चालतही नव्हता. स्मिथने पैसे उसने घेतले, रंगीत मॉनिटर आणि जॉयस्टिक आणली, खेळ सुधारला आणि पुन्हा चार कंपन्यांना पाठवला. चौघींनीही होकार दिला. त्याने आधी नाही म्हणणारी ब्रोडरबंडच निवडली. 1983 मध्ये 'लोड रनर' बाजारात आला. त्यात 150 लेव्हल होत्या, आणि स्वतःची लेव्हल बांधायची सोयही होती. विकत घेतलेल्या खेळात खेळणाऱ्यानेच भर घालायची, ही गोष्ट त्या काळात फारच नवी होती.

तिथून तो जपानला गेला. निन्टेन्डोचं फॅमिकॉम हे टीव्हीला जोडायचं यंत्र 15 जुलै 1983 ला जपानात आलं होतं. पुढच्याच वर्षी हडसन सॉफ्ट या कंपनीने लोड रनर त्यावर उतरवला. लेव्हल 50 केल्या, चित्रं गोंडस केली. जपानात तो दहा लाखांहून जास्त खपला. आपण खेळलो ती ही हडसनची आवृत्ती.

इथे कुळकथेत एक भाऊबंद निघतो. तुम्ही 'बॉम्बवाला गेम' खेळला असाल, तोही हडसनचाच, 1985 चा बॉम्बरमॅन. लोड रनरमध्ये मागे लागणारे जे यंत्रमानव आहेत ते हुबेहूब बॉम्बरमॅनसारखे दिसतात. बॉम्बरमॅनच्या पन्नास लेव्हल संपल्या की तो यंत्रमानव जमिनीवर येऊन माणूस होतो आणि पडद्यावर मजकूर येतो, की हा तुम्हाला हडसनच्या दुसऱ्या एका खेळात ओळखता येईल. म्हणजे तो पुढे जाऊन सोनं गोळा करणारा गडी होतो! आमच्या पाहण्यात बॉम्बरमॅन शेवटपर्यंत कुणी नेलाच नाही, त्यामुळे हे सख्खं नातं आम्हाला कळायचं कारणच नव्हतं.

जपानहून वऱ्हाडापर्यंतचा रस्ता आडवाटेचा आहे. तैवान आणि चीनमधल्या कारखान्यांनी फॅमिकॉमच्या नकला काढल्या. रशियात त्यातलीच एक 'डेंडी' म्हणून गाजली, पोलंडमध्ये 'पेगॅसस' म्हणून. आपल्याकडे मीडिया, लिटल मास्टर अशी नावं आली, आणि पुढे तर नावही नसलेले डबे आले. अमरावतीच्या बाजारातून सुट्टीच्या तोंडावर असा डबा यायचा. सोबत पिवळी नाहीतर काळी कॅसेट, वर छापलेलं '9999999 इन 1'. आत प्रत्यक्षात मोजके गेम. यादी लांबवायची युक्ती साधी होती: तोच गेम कधी दहाव्या लेव्हलपासून सुरू करायचा, कधी जास्त जान देऊन, आणि त्याला नवा नंबर लावायचा. नकला करणाऱ्यांनी बऱ्याचदा पहिल्या पडद्यावरचं कंपनीचं नाव आणि सालही खरवडून टाकलं. मूळ मालकाला फसवायची ही कामगिरी एवढी चोख झाली, की खेळणाऱ्या लाखो पोरांपर्यंत कर्त्याचं नाव पोचलंच नाही. चोरीचा माल म्हणून मला त्याचा राग येत नाही. दुसऱ्या कुठल्या वाटेने तो तिवसा तालुक्यात आलाच नसता. नाव पुसलं, याचा मात्र येतो.

माझ्या मामाचं गाव कौंडण्यपूर याच तिवसा तालुक्यातलं. वर्धा नदीच्या काठी, नदी ओलांडली की आर्वीचा मुलूख. रुक्मिणीचं माहेर म्हणून सारा महाराष्ट्र या गावाला ओळखतो. पण इथल्या पोरांना खोदायच्या गेमचं वेड लागायला आणखी एक कारण होतं, असं मला वाटतं. या गावात जमिनीखाली काहीतरी आहे ही नुसती आजीची गोष्ट नाही. 1962 ते 1964 या काळात मोरेश्वर गं. दीक्षित यांनी इथे उत्खनन केलं, त्याचा ग्रंथ 1968 मध्ये निघाला. सातवाहनकाळातल्या आणि त्याही आधीच्या वस्तीच्या खुणा थराथराने वर आल्या. वऱ्हाडात गुप्तधनाच्या गप्पा घरोघरी चालतात. इथे त्या गप्पांना पुराव्याची जोड होती. मामाच्या घरी टीव्हीसमोर बसलेलं पोट्टं ओरडायचं, "अबे, डावीकडून खोद न!" आणि मागून मोठ्यांपैकी कुणीतरी म्हणायचं, "खोदा बाप्पा, टेकडी तर खोदून झाली, आता टीव्ही खोदा."

पुन्हा खेळताना कळतं ते या खोदण्याचं शास्त्र. गड्याला उडी मारता येत नाही. तो स्वतःच्या पायाखाली खोदू शकत नाही; एका बटणाने डाव्या बाजूची वीट फुटते, दुसऱ्याने उजव्या. खड्डा थोड्या वेळाने आपोआप बुजतो. एवढ्याच नियमांवर सगळा डोलारा. एका थराखाली जायचं तर एक वीट पुरते. तीन थरांखाली सोनं असेल, तर वरच्या थरात शेजारी शेजारी तीन विटा फोडाव्या लागतात, त्याखाली दोन, त्याखाली एक, असा निमुळता होत जाणारा खड्डा. आणि तुम्ही तळाशी पोचेपर्यंत वरची पहिली वीट भरायला लागलेली असते. मागे लागलेला खड्ड्यात पडला की त्याच्या डोक्यावरून चालत पलीकडे जाता येतं. त्याच्याकडे सोनं असेल तर ते तिथेच सुटतं. वीट बुजेपर्यंत तो आतच राहिला तर मरतो, पण लगेच वरून नवा येतो. म्हणून शहाणा खेळाडू त्याला मारत नाही, कामाला लावतो. सगळं सोनं गोळा झालं की वर जायची शिडी दिसते.

हे सगळं पहिल्या काही लेव्हल शांतपणे शिकवतात, एकही शब्द न लिहिता. पण आमच्या पिढीला ते शिक्षण जरा जास्तच मिळालं, आणि त्याचं श्रेय लोडशेडिंगला. लाईन गेली की गेम संपला. लाईन आली की पहिली लेव्हल. दुपारभर कमावलेलं सगळं एका क्षणात पाण्यात. जपानी पोरांना आपण बांधलेली लेव्हल टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवर साठवता यायची. त्यासाठी फॅमिकॉमला जोडायचं वेगळं यंत्र मिळायचं. आपल्या डब्याला ते जोडायची सोयच नव्हती. त्यामुळे 'एडिट' उघडून कुणी सुरेख लेव्हल बांधली, तरी तिचं आयुष्य लाईन असेपर्यंत. परिणाम असा, की वऱ्हाडातल्या कितीतरी माणसांना सुरुवातीच्या लेव्हल आजही डोळे मिटून येतात आणि तिशीच्या पुढच्या त्यांनी कधी पाहिलेल्याही नसतात.

आता फोनवर हव्या तिथे थांबून, साठवून, पुढे जाता येतं. मी तसा गेलो. पुढच्या लेव्हल उत्तम आहेत, कोडी म्हणून पहिल्यांपेक्षा सरसच. पण दर पावलाला साठवत खेळलं की खेळाचं पाणी जातं, हे माझं स्पष्ट मत आहे. चुकीची किंमत नसेल तर त्या निमुळत्या खड्ड्यातली घाई उरत नाही. निदान एक लेव्हल तरी न साठवता पुरी करावी, मगच पुढची उघडावी.

यात्रेतल्या दुकानांत मिळणारा हातातला 'ब्रिक गेम' आठवत असेल, तर त्याचंही या कुळाशी थोडं नातं आहे. त्यातला मुख्य खेळ म्हणजे टेट्रिस, मॉस्कोच्या अलेक्सी पाजितनोव्हने 1984 मध्ये रचलेला. कोड्यांच्या खेळात आपल्याला वर्षानुवर्षं सगळ्यात आवडलेला कोणता, हे विचारल्यावर पाजितनोव्हने लोड रनरचं नाव घेतलं होतं.

डग स्मिथ 2014 मध्ये वारला. माळ्यावर जुना डबा अजून पडला असेल तर कॅसेट काढा. तिच्यावर नऊचे आकडे असतील, कर्त्याचं नाव नसेल. पेनाने लिहून ठेवा: लोड रनर, डग स्मिथ, 1983.